त्वरा आणि घाई : 'सेलेरिटी' या शब्दाचा अर्थ व उपयोग

जळगाव / धुळे (प्रतिनिधी)

इंग्रजी भाषेत वेगासाठी शब्दांची वाण नाही. 'स्पीड' हा शब्द खेड्यातल्या मोटारसायकलस्वाराच्याही तोंडी असतो. 'फास्ट' लोकलगाडीला लागतो, 'क्विक' जाहिरातीत येतो आणि 'अर्जंट' सरकारी पाकिटावर दिसतो. या गर्दीत 'सेलेरिटी' हा शब्द मात्र सहसा आढळत नाही. स्पर्धा परीक्षांच्या समानार्थी शब्दांच्या यादीत तो भेटतो. विद्यार्थी त्याच्यासमोर 'वेग' असे लिहून पुढच्या शब्दाकडे वळतो आणि परीक्षा आटोपली की शब्दही विस्मरणात जातो.

शब्द दुर्मिळ असला तरी निरुपयोगी नाही. गुन्हेगारीशास्त्रात शिक्षेच्या तीन गुणांपैकी एकाचे ते नाव आहे. नदीच्या पुराचे गणित मांडणारे अभियंते तो नित्य वापरतात. वेग आणि घाई यांत जे अंतर आहे, ते दाखवण्यासाठी हा शब्द विशेष उपयोगी पडतो. हे अंतर केवळ कोशापुरते नाही, हे खानदेशातील दोन बहुचर्चित खटल्यांवरून दिसून येते. त्यांपैकी एकाचा विषय जळगावचा होता, दुसऱ्याचा धुळे जिल्ह्यातील. दोन्हींचे निकाल धुळे येथे लागले.

शब्दाचे मूळ

'सेलेरिटी'चे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'सेलेर' म्हणजे चपळ, शीघ्र; त्यावरून 'सेलेरितास' हे भाववाचक नाम झाले. ते फ्रेंचमधून पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आले. प्राचीन रोमच्या परंपरागत इतिहासात राजा रोम्युलसच्या ३०० घोडेस्वार अंगरक्षकांना 'सेलेरेस' म्हटले आहे. ज्युलियस सीझरच्या युद्धवृत्तांतातही सैन्याच्या हालचालींच्या संदर्भात 'सेलेरितास' हा शब्द वारंवार येतो.

मूळ शब्द अपरिचित वाटला तरी त्याचे भाऊबंद घराघरांत पोहोचले आहेत. गाडीचा 'अ‍ॅक्सिलरेटर' याच कुळातला आहे. तो दाबला की गाडीची 'सेलेरितास' वाढते. भौतिकशास्त्रात प्रकाशाच्या वेगासाठी 'सी' हे अक्षर वापरतात, त्याचा संबंधही सामान्यतः याच लॅटिन शब्दाशी जोडला जातो. निर्वात पोकळीतील तो वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर इतका आहे.

उच्चाराविषयी एक सूचना आवश्यक आहे. इंग्रजीत या शब्दाचा उच्चार 'सिलेरिटी' असा होतो; पहिले अक्षर हलके आणि जोर 'ले'वर. मराठीत लिहिताना 'सेलेरिटी' असे रूप रूढ होण्यास हरकत नाही. 'सेलिब्रिटी' या शब्दाशी त्याची गल्लत मात्र होऊ देऊ नये. लिहिताना एका अक्षराच्या चुकीने अर्थाचा अनर्थ होतो आणि संगणकावरील शुद्धलेखन तपासणीलाही ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात.

शेजारचे शब्द आणि त्यांच्या छटा

समानार्थी म्हणून दिलेले शब्द क्वचितच पूर्णपणे समान असतात. 'व्हेलॉसिटी' हा शास्त्रीय शब्द आहे. त्यात वेगाबरोबर दिशाही अभिप्रेत असते. भल्याबुऱ्याचा विचार नसतो. निसटलेल्या दगडालाही 'व्हेलॉसिटी' असते. 'अ‍ॅलॅक्रिटी' हा शब्द मनाचा आहे. सांगितलेले काम आनंदाने व उत्साहाने लगेच हाती घेणे, म्हणजे मराठीतील 'तत्परता', हा त्याचा अर्थ. एखादा कर्मचारी 'अ‍ॅलॅक्रिटी'ने काम स्वीकारतो. ते त्याने 'सेलेरिटी'ने पूर्ण केले की नाही, हा वेगळा प्रश्न राहतो.

न्यायालयांच्या आदेशांत वारंवार येणारा 'एक्स्पिडिशस्ली' हा शब्द आणखी वेगळा आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'पेस' म्हणजे पाय आहे. संस्कृत 'पाद' हा त्याचा दूरचा आप्त. अडकलेले पाय मोकळे करणे, हा त्या क्रियापदाचा मूळ अर्थ. खटला 'एक्स्पिडिशस्ली' चालवा असे वरिष्ठ न्यायालय सांगते, तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते खटल्याच्या पायातील बेड्या काढण्यासच सांगत असते.

'हेस्ट' म्हणजे घाई. येथे वेग आहे, पण विचार मागे पडला आहे. मराठीत 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' ही म्हण अशा वेगाची थट्टा करते आणि घाटरस्त्यावरील 'अति घाई संकटात नेई' हा फलक त्याचा परिणाम सांगतो. 'सेलेरिटी' या टोकाला जात नाही. हाती घेतलेले काम, त्याचा कोणताही आवश्यक टप्पा न गाळता, निष्कारण वेळ न दवडता पुरे करणे, ही त्या शब्दाची आजच्या औपचारिक वापरातील छटा आहे. म्हणूनच इंग्रजीत तो बहुधा प्रशंसेच्या वाक्यात येतो.

मराठी प्रतिशब्द कोणता?

मराठीतही वेगाचे शब्द विपुल आहेत. वेग, गती, चाल, चपळाई, शीघ्रता, त्वरा, लगबग, तातडी, घाई, गडबड, उतावीळपणा, अशी ती चढती भाजणी आहे. तिच्या एका टोकाला शास्त्र आणि दुसऱ्या टोकाला फजिती! फारसी-अरबीतून 'जलद' हा शब्द आला व मराठीत रुळला. 'द्रुत' हा संस्कृत शब्द गायनात आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दिसतो. शास्त्रीय गायनात 'विलंबित' लयीला मान आहे. तोच 'विलंब' न्यायालयात आला की पक्षकाराच्या पोटात गोळा येतो.

या सर्वांतून 'सेलेरिटी'ला अगदी जवळचा शब्द निवडायचा, तर तो 'त्वरा' हा होय. यास शास्त्राचाही आधार मिळतो. पाठ्यपुस्तकांची परिभाषा घडवताना 'स्पीड'ला चाल, 'व्हेलॉसिटी'ला वेग आणि 'अ‍ॅक्सिलरेशन'ला 'त्वरण' असे शब्द देण्यात आले. इंग्रजी शब्दात लॅटिन 'सेलेर' आहे, मराठी शब्दात संस्कृत 'त्वर्' हा धातू आहे. 'अ‍ॅक्सिलरेशन'ला त्वरण म्हणणाऱ्यांनी 'सेलेरिटी' आणि त्वरा यांची सोयरीक आधीच जुळवून ठेवली आहे. त्वरित, सत्वर ही त्याच धातूची लेकरे. धुळ्याला हा विषय नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे वास्तव्य या शहरात होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. कागदपत्रांबरोबर मराठी शब्दांचे धातूही त्यांनी आयुष्यभर शोधले आणि त्यांच्या नावाने १९२७ मध्ये धुळ्यात स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने हा वारसा जपला.

रणांगण आणि नदी

त्वरा म्हणजे काय, याचे इतिहासातील उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. सन १७२७-२८ च्या मोहिमेत पहिल्या बाजीराव पेशव्यांनी निजामाच्या जड तोफखान्याशी समोरासमोर झुंज घेण्याचे टाळले. हलक्या घोडदळानिशी ते खानदेश व गुजरातच्या मुलखातून फिरत राहिले. निजाम पुण्याच्या रोखाने गेला तरी ते गडबडून परतले नाहीत. उलट त्यांनी निजामाच्याच मुलखावर दडपण आणले, त्याला मागे खेचले आणि तोफखान्यापासून दूर गाठून पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडले. ही घटना २८ फेब्रुवारी १७२८ ची. मार्चच्या आरंभी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली आहे. या मोहिमेत वेग होता, पण एकही पाऊल अविचाराचे नव्हते. लॅटिन 'सेलेरितास'चा हाच अर्थ.

आजच्या काळात हा शब्द रोजच्या कामात वापरणारे लोक म्हणजे जलशास्त्राचे अभियंते. त्यांच्या परिभाषेत लाटेच्या वेगाला 'सेलेरिटी' म्हणतात, आणि पाण्याचा वेग व लाटेचा वेग या दोन भिन्न गोष्टी मानतात. तापीच्या काठी राहणाऱ्यांना हा फरक समजून घेण्यासारखा आहे. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की विसर्गाची वाढ जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून खाली सरकते. धरणातून सुटलेला पाण्याचा थेंब जितक्या वेळात खालच्या गावी पोहोचतो, त्याच्या आधीच पातळीतील वाढ तेथे पोहोचते, कारण लाट पुढच्या पाण्याला ढकलत जाते.

रुंद पात्राच्या साध्या गणितात पुराच्या लाटेचा वेग पाण्याच्या सरासरी वेगाच्या सुमारे १.६७ पट येतो. समजा, पाणी सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी ७.२ किलोमीटर वेगाने वाहत आहे. ६० किलोमीटर अंतरावरील गावी ते पाणी ८ तास २० मिनिटांनी पोहोचेल. लाट मात्र ताशी १२ किलोमीटर वेगाने ५ तासांतच गाव गाठेल. केवळ वाहत्या पाण्याच्या वेगावर इशाऱ्याची वेळ ठरवली, तर इशारा तीन तासांहून अधिक उशिरा मिळेल. हे उदाहरण केवळ समजण्यासाठी आहे. प्रत्यक्षात पात्राचा उतार, रुंदी, बंधारे आणि काठावर पसरणारे पाणी यांनी आकडे बदलतात. पण एका शब्दाच्या दोन अर्थांत गुरे, पंप आणि प्रसंगी माणसे वाचवण्याइतका वेळ दडलेला असू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

शिक्षेचे तीन गुण

कायद्याच्या क्षेत्रात या शब्दाला जे स्थान मिळाले, त्याची मुळे इटलीत आहेत. मिलान येथील चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, गुन्हे आणि शिक्षा या विषयावर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपात त्या वेळी छळ आणि क्रूर देहदंड यांचा बोलबाला होता. शिक्षेची जरब तिच्या क्रौर्यावर अवलंबून नसते. ती खात्रीने आणि लवकर होते की नाही, यावर असते, असे बेक्कारिया यांचे प्रतिपादन होते.

लवकर शिक्षा का, याची त्यांनी दिलेली दोन कारणे आजही विचारात घेतली जातात. पहिले कारण समाजासाठी आहे. गुन्हा आणि शिक्षा यांमधील काळ जितका कमी, तितकी त्या दोन कल्पनांची सांगड लोकांच्या मनात घट्ट बसते. दुसरे कारण आरोपीसाठी आहे. दोष सिद्ध होण्यापूर्वीची अनिश्चितता हीच एक यातना असते आणि ती लांबवण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्वरा ही केवळ फिर्यादीची मागणी आहे, हा समज त्यामुळे दूर होतो. निर्दोष आरोपीलाही तिची तितकीच गरज असते.

पुढे गुन्हेगारीशास्त्राने या विचाराची तीन शब्दांत मांडणी केली : शिक्षेची निश्चिती, शिक्षेची तीव्रता आणि शिक्षेची त्वरा. यातील तिसऱ्या गुणासाठी इंग्रजी ग्रंथांत जो शब्द रूढ झाला, तो 'सेलेरिटी'. या तिन्हींत निश्चितीचा परिणाम सर्वांत मोठा असल्याचे आधुनिक अभ्यासांतून दिसते. नुसत्या त्वरेच्या परिणामाविषयी निष्कर्ष संमिश्र आहेत. अमेरिकेतील हवाई राज्यात २००४ मध्ये, परिवीक्षेवरील व्यक्तीने अट मोडताच लहान पण तत्काळ शिक्षा देण्याचा उपक्रम सुरू झाला. आरंभी त्याचे कौतुक झाले. इतर राज्यांत मात्र तसे यश सर्वत्र मिळाले नाही. त्वरा हा न्यायाचा एक गुण आहे. इतर दोन गुणांची जागा तो एकटा भरून काढू शकत नाही.

राईनपाडा : घाईचे रूप

या विवेचनाची दुसरी बाजू धुळे जिल्ह्याने पाहिली आहे. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या सुमारास मोबाइलवरून सर्वत्र पसरल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांवर जमावाने संशय घेतला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन बेदम मारहाण करण्यात आली आणि पाचही जणांचा मृत्यू झाला.

आरोप, चौकशी, पुरावा, बचाव, निर्णय आणि शिक्षा हे सारे टप्पे जमावाने काही वेळातच उरकले; वस्तुतः ते एकही टप्पा पार न करता थेट अखेरच्या टप्प्यावर गेले. तिला त्वरा म्हणता येत नाही. ज्या वेगात समोरच्या माणसाला आपण कोण, कुठले, हे सांगण्याचीही सवड मिळत नाही, तो वेग घाईच्याही पलीकडचा आहे. झुंडीच्या या न्यायाला 'झटपट न्याय' म्हणण्याची सवय लेखनात आणि भाषणात दिसते. ती भाषेच्या दृष्टीने चुकीची आणि समाजाच्या दृष्टीने घातक आहे, कारण त्या शब्दप्रयोगात 'न्याय' हे नाव अपात्राला मिळते.

या घटनेनंतर १६ दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर निकाल दिला. झुंडबळीचे खटले प्रत्येक जिल्ह्यातील निर्धारित किंवा जलदगती न्यायालयात दैनंदिन चालवावेत आणि दखल घेतल्यापासून शक्यतो सहा महिन्यांत पूर्ण करावेत, असे त्यात नमूद होते. राईनपाडा खटल्याचा निकाल धुळे येथील न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला व सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. घटना ते निकाल हा काळ साडेपाच वर्षांहून अधिक भरतो. मधल्या काळात करोनाच्या साथीने देशभरातील न्यायालयांचे कामकाज विस्कळीत झाले होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. तरीही 'शक्यतो सहा महिने' आणि साडेपाच वर्षे यांतील अंतर उरतेच. जमावाने घाई केली आणि व्यवस्थेला त्वरा साधली नाही, असे या प्रकरणाचे दुहेरी दुखणे आहे.

घरकुल : तेरा वर्षांचा हिशेब

दुसरा खटला जळगावचा. तत्कालीन जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकात झोपडपट्टीवासीयांसाठी सुमारे ११ हजार घरकुले बांधण्याची योजना हाती घेतली. प्रत्यक्षात सुमारे दीड हजारच घरे उभी राहिली. या व्यवहारातील गैरप्रकारांबाबत तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये पोलिसांत फिर्याद दिली. मार्च २०१२ मध्ये माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली. धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निकाल देत ४८ जणांना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षे कैद व १०० कोटी रुपये दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे कैद अशी शिक्षा सुनावण्यात आली. शिक्षा झालेल्यांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली आणि जैन यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमित जामीन मिळाला.

फिर्याद ते निकाल हा काळ साडेतेरा वर्षांचा होतो. कागदपत्रांचे ढीग, आरोपींची मोठी संख्या, निरनिराळ्या न्यायालयांत होणारे अर्ज, यांमुळे आर्थिक गैरव्यवहाराचे खटले लांबतात, हे खरे आहे. परंतु बेक्कारिया यांचे दोन्ही मुद्दे येथे तंतोतंत लागू पडतात. ज्यांच्या नावावर घरकुले मंजूर होण्याची अपेक्षा होती, त्यांची एक पिढी या काळात पत्र्याखाली वाढली. त्यांच्या मनात गैरप्रकार आणि शिक्षा यांची सांगड कशी बसावी? आणि आरोपींच्या डोक्यावरील टांगती तलवारही इतकीच वर्षे राहिली.

किती वेळ म्हणजे त्वरा?

त्वरेला घड्याळाचे माप लावता येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला आहे. बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्ये, त्वरित खटला हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या प्रकरणात डिसेंबर १९९१ मध्ये घटनापीठाने या हक्काची सविस्तर चर्चा केली. हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्याला लागू असल्याचे घटनापीठाने सांगितले; सर्व खटल्यांना एकच कालमर्यादा घालून देण्यास मात्र नकार दिला. विलंब कोणामुळे झाला, खटल्याचे स्वरूप काय, साक्षीदार किती, न्यायालयावरील भार किती, हे पाहूनच निर्णय करावा लागेल, अशी ती भूमिका होती. त्वरा सापेक्ष असते, हाच याचा मथितार्थ.

व्यवस्थेने उपायही योजले. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून देशात १,७३४ जलदगती न्यायालयांची योजना आखण्यात आली. केंद्राचा निधी मार्च २०११ अखेर थांबला आणि पुढील भार राज्यांवर आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. सत्र न्यायालयातील युक्तिवाद संपल्यानंतर ३० दिवसांत निकाल द्यावा, कारणे नोंदवून ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढवता येईल, असे तीत म्हटले आहे. मात्र खटल्याचा बहुतांश काळ युक्तिवादाच्या आधीच खर्ची पडतो. समन्स न बजावले जाणे, साक्षीदाराची गैरहजेरी, न्यायवैद्यक अहवालाची प्रतीक्षा, रिक्त पदे, या जागी पाय अडकतात. 'एक्स्पिडिशस्ली' या शब्दातील बेड्या त्या याच.

टेबलावरची फाईल

न्यायालयाची पायरी न चढणाऱ्या नागरिकाचाही या शब्दाशी संबंध येतो. सातबारा, जातीचा दाखला, पीकनुकसानीचा पंचनामा, निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव अशा प्रत्येक कागदावर 'तातडीने', 'तत्काळ', 'विनाविलंब', 'सत्वर' असे शेरे असतात. शेरे वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत. परंतु महाराष्ट्रात या शब्दांना कायद्याने माप दिले आहे, हे अनेकांना माहीत नसते.

बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम २००५ चा आहे. त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. तत्काळ स्वरूपाची फाईल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तातडीची फाईल चार दिवसांत निकाली निघाली पाहिजे. यानंतर २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळवण्याचा हक्क आणि न मिळाल्यास अपिलाचा मार्ग त्याने नागरिकाला दिला. अर्जदाराने 'लवकर करा' अशी विनंती करण्याऐवजी अर्जात या तरतुदींचा उल्लेख केला, तर त्याच्या म्हणण्याला वजन येते. मोघम शब्दापेक्षा मोजलेला शब्द केव्हाही प्रभावी ठरतो.

शब्द वापरताना

अखेरीस, हा शब्द लिहिण्याची वेळ येणाऱ्यांसाठी काही सूचना. 'सेलेरिटी' हे नाम आहे. त्यावरून झालेले विशेषण वा क्रियाविशेषण प्रचलित इंग्रजीत नाही. 'विथ सेलेरिटी', म्हणजे त्वरेने, अशीच रचना करावी लागते. तो भारदस्त शब्द आहे. न्यायनिर्णय, अहवाल, निबंध, औपचारिक भाषण येथे तो शोभतो. रिक्षावाल्याला 'सेलेरिटी'ने चल म्हटले, तर हसे होईल. वस्तूच्या यांत्रिक वेगासाठी तो टाळावा; अपवाद लाटेचा. अपघाताची गाडी 'सेलेरिटी'ने आली, असे लिहू नये. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, मदतपथक, तपासयंत्रणा यांच्या कामाविषयी मात्र तो अचूक बसतो, कारण तेथे वेग आणि शिस्त दोन्ही अपेक्षित असतात.

मराठीत भाषांतर करताना संदर्भ पाहावा. कायद्याच्या मजकुरात 'त्वरा' किंवा 'सत्वरता', जलशास्त्रात 'तरंगवेग', लष्करी वर्णनात 'शीघ्रता' हे शब्द योग्य ठरतील. 'घाई' आणि 'झटपट' हे शब्द येथे कटाक्षाने टाळावेत. स्पर्धा परीक्षेच्या वहीत हा शब्द आला, तर त्याच्यासमोर 'वेग' असे लिहून थांबू नये. 'त्वरा, घाई नव्हे' असे चार अक्षरे जास्त लिहावीत. उद्या त्याच विद्यार्थ्यांतून कोणी तहसीलदार, फौजदार वा न्यायाधीश होईल, तेव्हा हा फरक त्याच्या टेबलावर रोज येणार आहे.